स्फटिकातली उणीव आणि थंड उजेड

(राइट टाउन, जबलपूर येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लोखंड भट्टीत घातले की ते आधी नुसते गरम होते, मग काळपट तांबडे दिसू लागते, मग केशरी, पिवळे आणि शेवटी पांढरेफटक. हा क्रम एकट्या लोखंडाचा नाही. वीट, कोळसा, चिनी माती, काहीही सुमारे ५२५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापवले की डोळ्यांना तांबूस दिसू लागते. त्या उजेडाचा रंग पदार्थ कोणता यापेक्षा तो किती तापला आहे यावर ठरतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तरीही तिच्या उजेडात निळ्याचा भाग थोडाच असतो. केवळ उष्णतेच्या जोरावर निळसर उजेड हवा असेल तर सूर्याहूनही तप्त ताऱ्यांकडे पाहावे लागते. असे असताना घरातल्या एलईडी दिव्यातली नखाहून लहान चकती पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच्या तापमानाला निळा उजेड देते, आणि घड्याळाचे काटे खोलीइतकेच गार असून रात्री हिरवे दिसतात. या उजेडाला तापमानाचा नियम लागू पडत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आइलहार्ड वीडेमान याने १८८८ साली अशा सगळ्या प्रकारांना मिळून ल्युमिनेसन्स हे नाव दिले. आपण त्याला थंड उजेड म्हणू.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. घन पदार्थांतून येणारा थंड उजेड बहुतेक वेळा त्या पदार्थाच्या शुद्धतेतून येत नाही. त्याच्या रचनेत राहिलेल्या किंवा मुद्दाम ठेवलेल्या उणिवेतून येतो. आणि उणीव ही पदार्थाच्या वाट्याला आलेल्या घटनांनी बनते किंवा बदलते, म्हणून हा उजेड त्या पदार्थावर काय गुजरले हे सांगू शकतो. हे जबलपुरात सांगण्याला कारण आहे. या शहरातल्या विद्यापीठात या प्रश्नाच्या एका कठीण भागावर अनेक वर्षे नेटाने काम झाले, आणि या शहराच्या नदीच्या खोऱ्यात त्या उजेडाचा फार मोठा उपयोग होतो. दोन्ही गोष्टी आपल्या मराठी मंडळींत जेवढ्या माहीत असायला हव्यात तेवढ्या नाहीत, याची मला खंत वाटते.

एक गैरसमज आधीच दूर करतो. येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर भेडाघाटचे संगमरवरी कडे चांदण्यात उजळतात, तो हा उजेड नव्हे. तो चंद्राचा, म्हणजे पर्यायाने सूर्याचा, परतवलेला प्रकाश आहे. कडा स्वतः काही देत नाही. मात्र कॅल्साइट आणि डोलोमाइट या खनिजांत मँगनीजचा अंश असेल आणि त्यांच्यावर निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तर ती खनिजे स्वतःचा नारिंगी-तांबडा उजेड देतात. भूशास्त्रज्ञ संगमरवराचे आणि चुनखडकाचे पातळ काप याच पद्धतीने तपासतात. खनिज वाढत असताना ज्या थरात मँगनीज अधिक आले तो थर ठळक दिसतो, आणि जेथे लोह अधिक आले तेथे अंधार राहतो. साध्या प्रकाशात एकसारखा पांढरा दिसणारा खडक तेव्हा एकामागून एक बसलेल्या थरांचा दिसतो.

शुद्ध स्फटिकाला स्वतःचा उजेड का नसावा? मिठासारख्या किंवा कॅल्शियम सल्फेटसारख्या स्फटिकात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या जागी पक्का बांधलेला असतो. त्याला तेथून उठवायला एवढी ऊर्जा लागते की दृश्य प्रकाशाची मजल तिथवर पोचत नाही; म्हणूनच हे स्फटिक पारदर्शक दिसतात. उजेड यायचा तर इलेक्ट्रॉन उठला पाहिजे आणि परत खाली येताना मधल्या, दृश्य प्रकाशाच्या मापाच्या पायरीवरून उतरला पाहिजे. ती पायरी परका अणू पुरवतो, किंवा जागा सोडून गेलेला अणू. बोलोन्या शहरातल्या व्हिंचेन्त्सो काशारोलो नावाच्या चांभाराने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी बराइट दगड कोळशात भाजून अंधारात चमकणारा पदार्थ केला, त्यावर युरोपातल्या विद्वानांनी पुढे दोनशे वर्षे वाद घातला. आज आपल्याला माहीत आहे की भाजल्यावर त्याचे बेरियम सल्फाइड होत असे आणि उजेडाचे श्रेय त्यातल्या तांब्याच्या अंशाला होते. जस्ताच्या सल्फाइडात चिमूटभर तांबे मिसळले की हिरवा उजेड मिळतो, चांदी मिसळली की निळा. पांढऱ्या एलईडी दिव्यावर पिवळा लेप दिसतो, त्यात यिट्रियमच्या काही अणूंच्या जागी सेरियम बसवलेले असते. चकतीच्या निळ्या उजेडाचा काही भाग सेरियम पिवळा करून देते आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे दिसते. ती निळी चकतीसुद्धा गॅलियम नायट्राइडात मुद्दाम परके अणू घातल्याशिवाय चालत नाही. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब गेले. यातला प्रत्येक बल्ब मोजूनमापून केलेल्या भेसळीवर चालतो.

हे सगळे मान्य करणारा माणूसही एका ठिकाणी अडतो. साखरेचा खडा अंधारात फोडला तर निळसर चमक दिसते. फ्रान्सिस बेकनने १६२० साली छापलेल्या ग्रंथात याची नोंद केली आहे, आणि डोळे अंधाराला दहा-पंधरा मिनिटे सरावू दिले तर कोणालाही घरच्या खडीसाखरेवर हे पाहता येते. साखर तर शुद्ध. मग उणीव कोठे? या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे: साखरेच्या स्फटिकाची रचना मध्याभोवती सममित नाही, अशा स्फटिकावर दाब आला की त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार येतो. तडा जाताना भेगेच्या दोन्ही भिंतींवर असा भार राहतो, मधल्या फटीत ठिणगी पडते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. साखरेच्या चमकेचा वर्णपट घेतला तर त्यात खरोखरच नायट्रोजनच्या खुणा सापडतात, त्यांतली सर्वांत ठळक ३३७ नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात. विंटरग्रीनच्या तेलाची चव दिलेल्या परदेशी गोळ्या जास्त चमकतात, कारण ते तेल अतिनील किरण शोषून निळा उजेड देते.

या उत्तरातून एक सुटसुटीत नियम निघाला: ज्या स्फटिकांची रचना असममित ते फोडल्यावर उजळतात, सममित ते उजळत नाहीत. नियम सोपा होता आणि पुष्कळ उदाहरणांना लागू पडत होता, म्हणून तो टिकला. आक्षेप असा घेतला जाईल की मग दोषांचा संबंध येतोच कोठे. रचनेचा नियम पुरे. या आक्षेपाला जे उत्तर मिळाले त्यात जबलपूरचा वाटा मोठा आहे.

पचपेढीतल्या राणी दुर्गावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. बी. पी. चंद्रा यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाबल्याने, वाकवल्याने आणि फोडल्याने निघणाऱ्या उजेडाचा, म्हणजे मेकॅनोल्युमिनेसन्सचा, अभ्यास केला. त्याआधी आणि त्यानंतर त्यांचे काम रायपूरलाही झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ्री झिंक यांच्यासह त्यांनी १९८० साली स्फटिक तुटण्याची गती आणि उजेड यांच्या संबंधावर लिहिलेला शोधनिबंध या क्षेत्रात आजही उद्धृत होतो. १९९८ साली घन पदार्थांच्या ल्युमिनेसन्सवर निघालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथातले मेकॅनोल्युमिनेसन्सवरचे प्रकरणही त्यांचेच. त्यांच्या लेखनातला आकडाच पाहा: ज्ञात असेंद्रिय क्षार आणि सेंद्रिय घन पदार्थ यांपैकी जवळजवळ निम्मे तुटताना उजेड देतात. यात सममित रचनेचेही पुष्कळ आहेत. नियमाला एखाददुसरा अपवाद असता तर सोडून देता आला असता. इतके अपवाद असतील तर कारणाचीच फेरतपासणी करावी लागते.

प्रयोगाची मांडणी साधी असते, तिचे वर्णन करतो. काळ्या पेटीत एक जाड पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी. तिच्यावर स्फटिकाचा तुकडा, डाळीच्या दाण्याएवढा. वर नळीतून सोडायचे वजन, ठरलेल्या उंचीवरून. उंची वाढवली की आदळण्याचा वेग वाढतो. पट्टीखाली फोटोमल्टिप्लायर, म्हणजे प्रकाशाचा कणही विजेच्या धक्क्यात बदलणारी नळी. वजन पडते, पडद्यावर एक टेकडी उमटते आणि मावळते. सगळा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत. टेकडी कधी चढली, किती उंच गेली, कशी उतरली, यावरून आत काय झाले याचा तर्क करायचा. फोडण्याऐवजी स्फटिक हळू दाबला तर तुटण्याच्या बऱ्याच आधी, तो नुसता वाकत असतानाच, उजेड येऊ लागतो. भेगच नाही तर भेगेतली ठिणगी कशी असेल? नुसत्या ठिणगीच्या सिद्धान्ताला पहिला जोरदार धक्का येथे बसतो.

दुसरा धक्का मिठाने दिला. सैंधव मीठ किंवा पोटॅशियम क्लोराइड यांची रचना पूर्ण सममित. दाबल्याने त्यांच्या बाजूंवर विद्युतभार येत नाही. स्वच्छ, रंगहीन स्फटिक हळू दाबला तर जवळजवळ अंधारच राहतो. आता तोच स्फटिक गॅमा किरणांत ठेवायचा. मीठ पिवळट-तपकिरी होते, पोटॅशियम क्लोराइड जांभळे. किरणांनी काही क्लोरीन अणूंना जागेवरून उठवलेले असते आणि त्या रिकाम्या जागांत एकेक इलेक्ट्रॉन अडकलेला असतो. या जागांना रंगकेंद्रे म्हणतात. गॉटिंगेनला रॉबर्ट पोल यांनी १९२० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला. रंगलेला स्फटिक दाबला की तो उजळतो. कारण दाबाने स्फटिकाचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि सरकण्याची सीमारेषा ही स्वतःच रचनेतली एक सलग उणीव असते. ती रंगकेंद्राजवळून जाताना अडकलेला इलेक्ट्रॉन उचलते, सोबत नेते, आणि वाटेत इलेक्ट्रॉनाची वाण असलेली जागा लागली की तेथे टाकते. इलेक्ट्रॉन खाली पडतो, उजेड निघतो. रंगकेंद्रे वाढवली तर उजेड वाढतो. प्रखर प्रकाशात ठेवून रंग उडवला की उजेडही ओसरतो. दाबण्याचा वेग वाढवला तर तो तीव्र होतो. एक कारण सुचवून थांबणे वेगळे आणि त्या कारणाला तीन बाजूंनी हलवून परिणाम हलतो का हे पाहणे वेगळे. रंगलेल्या मिठाच्या बाबतीत हे दुसरे काम झाले, म्हणून मी त्याला प्रमाण मानतो.

येथे कोणी म्हणेल, घासल्याने उष्णता होते, मग हा उजेड त्या उष्णतेचाच नसेल कशावरून? प्रश्न योग्य आहे आणि काही प्रसंगी उत्तर होकारार्थी आहे. काच किंवा क्वार्ट्झ चाकावर जोराने घासले तर दिसणाऱ्या उजेडात तापून निघालेल्या कणांचा वाटा असतो. पण तापलेल्या कणांचा वर्णपट अखंड असतो आणि त्यात तांबड्याचा जोर असतो. साखरेच्या चमकेत नायट्रोजनचे सुटे पट्टे आहेत, आणि रंगलेल्या क्षारांचा उजेड त्यांतल्या केंद्रांनुसार बदलतो. शिवाय सारख्या कडकपणाचे दोन स्फटिक सारखेच दाबले आणि एकच उजळला, तर उष्णतेने त्याचा उलगडा होत नाही. साखरेबाबत मात्र मी माघार घेतो: तिच्या चमकेत ठिणगीचा सिद्धान्त बरोबर आहे आणि तेथे दोषांची गरज भासत नाही. काजव्याचा, पावसाळी जंगलातल्या कुजक्या लाकडावरच्या बुरशीचा आणि कोकण किनाऱ्यावर कधीमधी दिसणारा लाटांचा उजेडही माझ्या म्हणण्यात बसत नाही. ती रासायनिक क्रिया आहे, रेणूच्या अंगचाच गुण आहे. म्हणून मी आरंभी घन पदार्थ म्हटले आणि बहुतेक वेळा म्हटले. आणखी एक मर्यादा महत्त्वाची. कोणतीही अशुद्धी चालते असे मुळीच नाही. लोह, निकेल, कोबाल्ट यांचा सूक्ष्म अंशसुद्धा पुष्कळ पदार्थांचा उजेड मारून टाकतो, आणि उपकारक अशुद्धीही प्रमाणाबाहेर गेली की तिचे अणू एकमेकांना ऊर्जा देत बसतात, उजेड घटतो. कित्येक उत्तम फॉस्फरांत, म्हणजे असा उजेड देणाऱ्या पदार्थांत, हजारात एखाददुसरा परका अणू पुरतो.

आता उणिवेतून इतिहास कसा वाचायचा ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा उत्तरार्ध त्यावर उभा आहे. रॉबर्ट बॉइलने १६६३ साली एक हिरा अंधारात अंगाशी धरून ऊब दिली आणि तो मंद उजळलेला पाहिला. फ्लोराइट हे खनिज तव्यावर तापवले तर तांबडे होण्याच्या बरेच आधी निळे-हिरवे उजळते. येथे ठळक आक्षेप येतो: तापवल्यावर येणारा उजेड थंड कसा? त्याचे उत्तर दुसऱ्यांदा तापवल्यावर मिळते. तेच फ्लोराइट गार करून पुन्हा तितकेच तापवा, काही दिसत नाही. उष्णतेनेच उजेड होत असता तर दुसऱ्या वेळीही झाला असता. लोखंड शंभर वेळा तापवले तरी शंभर वेळा लाल होते. मारी क्यूरी यांनी आपल्या प्रबंधात नोंदवले आहे की असे विझलेले फ्लोराइट रेडियमच्या सान्निध्यात ठेवले की पुन्हा उजळण्याजोगे होते. म्हणजे ऊर्जा किरणांनी आधीच ठेवलेली होती, दोषांच्या सापळ्यांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. उष्णतेने फक्त सापळा उघडला. सापळा उथळ असेल तर खोलीच्या उबेनेच तो हळूहळू रिता होतो. १९९६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेला युरोपियम आणि डिस्प्रोसियमयुक्त स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हा फॉस्फर दिवसाचा प्रकाश घेऊन रात्रभर हिरवा उजेड देतो तो याच गुणाने. सापळा खोल असेल तर इलेक्ट्रॉन हजारो, लाखो वर्षे अडकून राहतो.

देशातल्या क्ष-किरण विभागांत आणि अणुभट्ट्यांत काम करणाऱ्यांच्या छातीवर लहानसा बिल्ला असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटाच्या तीन चकत्या असतात, प्रत्येक साधारण १३ मिलिमीटर रुंद, आणि त्या कॅल्शियम सल्फेटात डिस्प्रोसियमचा किंचित अंश घातलेला असतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हा बिल्ला विकसित केला. चकत्यांवर वेगवेगळ्या धातूंची आणि प्लास्टिकची झाकणे असतात, एक उघडी असते, म्हणजे कोणत्या प्रकारचे किरण लागले हेही कळावे. तीन महिने तो बिल्ला गप्प राहतो. किरण लागले तेवढे इलेक्ट्रॉन सापळ्यांत जातात, डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग प्रयोगशाळेत चकती तापवली जाते आणि सव्वादोनशे अंशांच्या आसपास उजेडाची टेकडी येते. तिच्या मापावरून त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले हे ठरते. कायद्याने त्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. शुद्ध कॅल्शियम सल्फेट वापरले असते तर या माणसाच्या आरोग्याबद्दल सांगण्यासारखे त्याच्याजवळ फारसे काही नसते. नागपूर विद्यापीठात प्रा. एस. व्ही. मोहरील, प्रा. एस. जे. ढोबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणमापनाच्या आणि दिव्यांच्या फॉस्फरांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या पदार्थांची कृती वाचली तर त्यात सर्वाधिक काळजी घातलेल्या अशुद्धीचीच दिसते.

माणसाने केलेली चकती जे तीन महिन्यांत करते ते नदीची वाळू हजारो वर्षे करत असते. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांच्या कणांत दोष असतातच. कण उन्हात वाहत असताना त्यांचे सापळे प्रकाशाने रिते होतात. कण गाडला गेला की भोवतालच्या मातीतले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे किरण आणि थोडे अवकाशातले किरण सापळे भरू लागतात. पुढे संशोधक दरडीचा ताजा काप करतो, प्रकाश न शिरणारी धातूची नळी आडवी ठोकतो, दोन्ही तोंडे बंद करतो आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या दिव्यात ती उघडतो. कणांवर निळा किंवा अवरक्त प्रकाश टाकला की सापळे उघडतात आणि वेगळ्या रंगाचा उजेड बाहेर येतो. साधे गणित असे: कणांत १५० ग्रे इतकी मात्रा साठलेली आढळली आणि त्या मातीत हजार वर्षांना ३ ग्रे मिळतात असे मोजले, तर तो थर ५० हजार वर्षांपूर्वी गाडला गेला. ही पद्धत १९८५ साली पुढे आली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी भारतात तिचा पाया घातला.

आपल्या प्रदेशाला तिचे महत्त्व फार. नर्मदेच्या काठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना १९८२ साली प्राचीन मानवाची कवटी मिळाली, आणि तिच्या वयावर अजून मतभेद आहेत. नर्मदेप्रमाणेच अमरकंटकच्या परिसरात उगम पावणाऱ्या सोन नदीच्या खोऱ्यात, सिधी जिल्ह्यातल्या धाबा येथे, दगडी हत्यारांच्या थरांचे वय फेल्डस्पारच्या कणांतल्या उजेडावरून काढले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तेथे सुमारे ८० हजार वर्षांपासून माणसे हत्यारे घडवत होती. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. त्याने भारतातली माणसे नाहीशी केली असावीत असा एक मतप्रवाह होता. धाब्याचे थर स्फोटाच्या आधी आणि नंतर सलग आहेत. वाळूच्या कणांतल्या दोषांनी साठवलेल्या उजेडाने एवढ्या मोठ्या वादात साक्ष दिली.

या साक्षीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पुराच्या गढूळ पाण्यातून रात्री वाहून आलेला कण पुरेसे ऊन न लागताच गाडला गेला तर जुना साठा शिल्लक राहतो आणि वय फुगते. मातीत पाणी किती काळ किती होते याने किरणांचे प्रमाण बदलते. फेल्डस्पारमधले इलेक्ट्रॉन खोल सापळ्यांतूनही थोडे थोडे निसटतात आणि वय कमी दिसते. म्हणून एकाच थरातले सुटे सुटे कण मोजावे लागतात, दोन पद्धतींची तुलना करावी लागते, आणि येणारी चूक आकड्यासोबत लिहावी लागते. हे केल्यावरही एक सीमा राहते: सापळे संख्येने मोजके असतात, ते भरले की पुढचा काळ नोंदला जात नाही. क्वार्ट्झच्या बाबतीत ही सीमा सहसा एक-दोन लाख वर्षांत येते, फेल्डस्पारच्या बाबतीत काही लाखांत. आपल्या शहरातल्या बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे मिळाली. ती सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची. त्या काळाबद्दल या उजेडाला काहीही विचारण्यात अर्थ नाही. आपली मर्यादा कोठे आहे हे कारणासकट सांगता येणे, यामुळे माझा या पद्धतीवरचा विश्वास वाढतो.

शेवटचा प्रश्न जबलपूर, रायपूर, नागपूर या पट्ट्याचा. १९५६ पर्यंत ही तिन्ही शहरे एकाच राज्यात होती, आणि त्याच वर्षी राज्यांची फेररचना होऊन येथे वेगळे विद्यापीठ आले. महासागरापार मोठमोठी यंत्रे उभी राहत असताना हा विषय या शहरांत का रुजला? माझ्या मते, स्फटिक द्रावणातून वाढवता येतो, फॉस्फर साध्या भट्टीत करता येतो, आणि अंधारी खोली कोठेही मिळते. उरते ते चांगला प्रश्न धरून वीस वर्षे त्यामागे राहणे. यावर म्हटले जाते की अशा प्रयोगशाळांनी केलेले काम मूलभूत नसते, मोठ्या केंद्रांच्या कामाला जोड देणारे असते. चंद्रा यांच्या कामाने तर एका रूढ नियमाची व्याप्ती कमी केली आणि कारणमीमांसा बदलली; यापेक्षा मूलभूत काय असते ते मला कळत नाही. आणि उपयोगही दूर नव्हता: १९९९ साली जपानमध्ये चाओ-नान शू यांनी नुसत्या ताणाने, न तुटता, उजळणारा लेप दाखवला, आता पुलांच्या खांबांवर आणि टाक्यांवर तो लावून डोळ्यांना न दिसणारी चीर ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो लेप पुन्हा दोषांत इलेक्ट्रॉन अडकवूनच काम करतो.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने एक मागणी जाहीरपणे मांडतो. नर्मदेचे आणि तिच्या उपनद्यांचे जुने काठ रस्त्यांसाठी, घाटांसाठी, वाळूसाठी कापले जात आहेत. दरड उघडी पडली आणि तिच्यावर ऊन पडले की उघड्या कणांतली नोंद मिनिटांत पुसली जाते, आणि ढीग उपसून हलवला की कोणता कण कोणत्या थरातला हेही कळायचा मार्ग राहत नाही. काम थांबवा असे मी म्हणत नाही. यंत्र लागण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या कापातून पाच-सहा नळ्या ठोकून घेणे, त्या प्रत्येकीची खोली, दिशा आणि भोवतालची माती लिहून ठेवणे, आणि त्या आपल्याच विद्यापीठात अंधारात जपून ठेवणे, एवढे सहज करता येण्यासारखे आहे. एका नळीला हातभर धातू लागतो आणि अर्धा तास. मोजणी आज झाली नाही तरी चालेल. बंद नळीतला कण वाट पाहू शकतो.